गाडीत रात्र काढणाऱ्यांसाठी एक अधिकृत जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्याकडेला महिनोन्‌महिने पडून असलेल्या गाड्या उचला, अशी पत्रं आपल्या पानावर अधूनमधून येतात. अशा गाडीखाली कचरा साचतो, टायरमध्ये पाणी राहून डास होतात, सोसायटीतल्या माणसाला स्वतःची गाडी लावायला जागा उरत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. पण रात्रीच्या वेळी त्याच रांगेत काही गाड्या अशाही असतात, ज्यांच्यात माणूस झोपलेला असतो. मी त्यातला एक आहे, म्हणून हे पत्र.

मी एसी-फ्रिजचा मेकॅनिक. जुन्नर तालुक्यातला, ओतूरकडचा. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत. सोमवारी पहाटे माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे येतो आणि शनिवारी काम संपलं की परत जातो. मधल्या रात्री माझ्या इको गाडीत काढतो. मालवाहू इको आहे, मागे सीट नाही, सपाट पत्रा आहे. त्यावर प्लायवूडची फळी आणि फळीवर गादी. फळीखाली हत्यारं, कडेला शिडी. पाय लांब करायचे तर तिरपं झोपावं लागतं.

पूर्वी कोपरखैरण्यात भाड्याने खोली होती. पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी लागते. त्यात आमची इमारत सी-१ मध्ये आली, म्हणजे रिकामी करून पाडायचीच. मालकाचं पुढे पुनर्विकासात काहीतरी होईल. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने सामान उचलायचं. जवळपास दुसरी खोली बघितली तर महिना दहा हजार आणि पन्नास हजार डिपॉझिट. एसीचं काम मार्च ते जून जोरात असतं, पाऊस सुरू झाला की फोन थंडावतात. थोरली मुलगी पुण्यात नर्सिंगला आहे. तिची फी आणि वसतिगृह बाजूला काढलं की वर्षभर दहा हजारांचं भाडं निघत नाही. गाव रोज ये-जा करण्याइतकं जवळ नाही. गाडी होती, तिचाच आसरा घेतला. माझ्या घरच्यांना हे माहीत आहे. गिऱ्हाइकांना नाही, म्हणून पत्राखाली नाव छापू नये ही विनंती.

गाडीत राहणाऱ्याला सगळ्यात आधी शिकावं लागतं ते कुणाच्या नजरेत न येणं. जेवण एका ठिकाणी, झोप दुसऱ्या ठिकाणी. दात घासणं, पाणी भरणं, घरी फोन करणं, सगळं आधीच्या ठिकाणी उरकायचं आणि रात्री साडेदहानंतर झोपायच्या जागी जायचं. गाडी लावली की दार पुन्हा उघडायचं नाही. एका गल्लीत लागोपाठ दोन रात्री थांबायचं नाही. शाळा, एटीएम, सराफाचं दुकान, लेडीज होस्टेल यांच्या जवळपास कधीही नाही. तळमजल्याच्या खिडकीखाली नाही, कारण आतल्या माणसाला आपल्या खोकल्याचासुद्धा त्रास होतो. माझ्या गाडीला पिवळी पाटी आहे, ती राहत्या सेक्टरमध्ये उठून दिसते. त्यामुळे जिथे आणखी चार टेम्पो उभे असतात तिथेच मी लावतो, गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवून. कुणी उठवलं तर वाद न घालता निघता आलं पाहिजे.

काचांना काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे एसीच्या डक्टला लावतात ती चंदेरी शीट मी काचांच्या मापाने कापून ठेवली आहे. गाडी उभी केली की बसवतो, निघताना काढतो. एका बाजूची काच चार बोटं खाली असते, त्या फटीवर डासांची जाळी लोहचुंबकाने धरलेली. छोटा पंखा पॉवर बँकेवर चालतो. मे महिन्यात दिवसभर तापलेला पत्रा रात्री दोनपर्यंत गरमच असतो. झोप लागते ती पहाटे, आणि सहाच्या आत तर निघायचं असतं.

इथे एक गोष्ट माझ्या धंद्यातली म्हणून कळकळीने सांगतो, कारण उन्हाळ्यात मला ड्रायव्हर लोक हमखास विचारतात. काचा बंद, इंजिन चालू आणि एसी लावून उभ्या गाडीत झोपू नका. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. सायलेन्सरला कुठे गळती असली, गाडी भिंतीला चिकटून उभी असली किंवा बंद जागेत असली, तर तो आत शिरतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. अशी माणसं गेलेली आहेत. मी स्वतः एसीचा माणूस असून इंजिन बंद करूनच झोपतो. गॅसचे सिलिंडरही रात्री गाडीत ठेवत नाही. नवीन एसींमध्ये आर-३२ गॅस येतो. तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो, आणि तो पेट घेऊ शकतो. खाली माणूस झोपलेला असताना तो गाडीत असणं बरोबर नाही. ज्या दुकानातून माल घेतो तिथे संध्याकाळी सिलिंडर उतरवतो, सकाळी चढवतो.

पावसाळ्यात जागा निवडण्याचं सगळं गणित बदलतं. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठी भराव घालून वसवलेला आहे आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. त्यासाठी हे शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरती आली की त्यांच्या झडपा मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तळ्यात थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. आता या तळ्यांत गाळ साचला आहे, खारफुटी वाढली आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळेस आले की सखल सेक्टरमधल्या रस्त्यांवर पाणी चढतं. घरातला माणूस वरच्या मजल्यावरून बघतो, गाडीत झोपलेल्याच्या अंथरुणाखालीच पाणी येतं. म्हणून जून ते सप्टेंबर मी रोज भरतीची वेळ बघूनच जागा ठरवतो. भीती वाटली तर महापे-रबाळे एमआयडीसीकडे, पारसिक डोंगराच्या बाजूला जातो. तिथे पाणी साचण्याचं भय कमी, पण रात्री कारखान्यांचा उग्र दर्प सुटतो आणि घसा खवखवतो. रस्त्यावरच्या मोठ्या वर्षावृक्षांखाली उन्हाळ्यात सावलीला बरं वाटतं, पण वाऱ्यापावसात त्यांच्या फांद्या मोडतात, तेव्हा तेही टाळावं लागतं.

मी एकटा असतो तर पत्र लिहिण्याचं कारण नव्हतं. रात्री अकरानंतर वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आसपास एक चक्कर मारा. नाशिक, सांगली, साताऱ्याहून माल घेऊन आलेले टेम्पोवाले स्टिअरिंगवर पाय टाकून पडलेले दिसतील. उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनरवाले आहेत. भाड्याची टॅक्सी चालवणारी विदर्भ-मराठवाड्यातली तरुण मुलं आहेत, दोघांत एक गाडी, एक चालवतो तेव्हा दुसरा कुठेतरी झोपतो. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि डिसेंबरअखेरीपासून विमानं सुरू झाली. विमान पहाटेचं असो की मध्यरात्रीचं, प्रवासी सोडायला आणि न्यायला गाड्या लागणारच, आणि दोन फेऱ्यांमध्ये त्यांचे चालक उलवे-पनवेलच्या रस्त्यांवरच डोळे मिटणार. हे लोक वाढणार आहेत.

या सगळ्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलेलं एक कुटुंब आहे. गेल्या उन्हाळ्यात एका मोठ्या रुग्णालयाच्या बाहेरच्या रस्त्यावर मी गाडी लावली होती. पुढे परभणीकडची एक जुनी जीप. आजोबांना उपचाराला आणलं होतं, ते आत भरती. बाहेर जीपमध्ये आजी, सून आणि मुलगा. लॉजचे पैसे चार दिवसांत संपले, मग तिघं जीपमध्येच राहू लागले. मुलगा मला म्हणाला, ‘‘दादा, आई संध्याकाळपासून पाणी पीत नाही.’’ का, तर जवळचं सार्वजनिक शौचालय रात्री कुलूपबंद होतं, आणि रात्री रुग्णालयात एकाच नातेवाइकाचा पास चालायचा. तो पास सुनेकडे होता, कारण आजोबांना उचलून बसवायला तीच लागायची. सत्तरीतली बाई, एप्रिलचा महिना, आणि रात्री लघवीला कुठे जायचं म्हणून घोटभर पाणी घेत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एका पेट्रोल पंपावरचं शौचालय दाखवलं. तिथल्या मुलाने एका शब्दाने अडवलं नाही. पण तो पंप तिथून दीड किलोमीटरवर होता, आणि आजींना मध्यरात्री तिथे न्यायचं तर जीप चालू करून, जागा सोडून जावं लागायचं. परत येईपर्यंत जागा दुसऱ्याने घेतलेली असायची.

नवी मुंबई २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली. दिवसा इथली शौचालयं खरोखर चांगली असतात, मी रोज वापरतो म्हणून सांगतो. सकाळी साडेपाचला आंघोळीला गेलं तर गरम पाण्याची बादलीही काही ठिकाणी मिळते. अडचण रात्री अकरा ते पाचची आहे. सोसायटीच्या भिंतीशी ट्रकवाले घाण करतात अशी तक्रार मी वाचली आहे आणि ती घाण मी पाहिलीही आहे. त्या भिंतीपासून पन्नास पावलांवरच्या शौचालयाला त्या वेळी कुलूप होतं, तेही पाहिलं आहे.

आता कायद्याबद्दल. रात्री काचेवर काठी वाजली की पहिला प्रश्न येतो, ‘‘इथे का झोपलास?’’ पोलिसांवर माझा राग नाही, रात्रीची गस्त त्यांनी घालायलाच हवी आणि बहुतेक जण नीट बोलतात. पण हा प्रश्न इतक्यांदा आला की मी मोटार वाहन कायदा, १९८८ मिळवून वाचला. मनाई नसलेल्या जागी, वाहतुकीला अडथळा न करता उभ्या असलेल्या गाडीत झोपणं हा गुन्हा आहे, असं त्यात मला कुठेही आढळलं नाही. कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी ठेवायची नाही. कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ विनामाणूस पडून असलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलता येते. माझी गाडी एका जागी आठ तासही नसते, आणि त्या वेळात मी तिच्यात असतो.

गाडीत पलंग-बिलंग ठोकून घ्यावा म्हटलं तर कलम ५२ आहे. आरसी बुकात नोंदलेल्या वर्णनाशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून माझी फळी सुटी आहे, एकही स्क्रू बॉडीत मारलेला नाही.

दुसरा कायदा माझ्यासारख्या कारागिराला जास्त अडचणीचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम १२२मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडण्याबद्दल लिहिलं आहे, आणि त्यात घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय जवळ असणं हेही येतं. माझ्या गाडीत पहार आहे, ड्रिल आहे, हातोडा, पाने, पाइप कटर आहे. आउटडोअर युनिट भिंतीवर बसवायचं तर हे सगळं लागतं. मध्यरात्री टॉर्चच्या उजेडात मात्र ही चोराची पेटी वाटते, आणि पोलिसाला तसं वाटलं तर त्याचं चूक नाही. त्यामुळे हत्यारांची बिलं, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, दिवसभराच्या कामांच्या पावत्या असं सगळं प्लास्टिकच्या पाकिटात घालून उशाशी ठेवून झोपतो. माझ्यासारख्या ज्या कारागिरांवर गाडीत राहायची वेळ येईल त्यांनी हे करावं. बिलाचा कागद दाखवला की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

एवढं सांभाळूनही गेल्या महिन्यात एका सकाळी माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर नोटीस चिकटवलेली मिळाली: वाहन बेवारस स्थितीत आढळले असून मुदतीत न हटवल्यास उचलून नेण्यात येईल. कोणत्या खात्याची ते इथे लिहीत नाही. नोटीस लावली तेव्हा मी पाठीमागे झोपलो होतो. काच वाजवली नाही, हाक मारली नाही. गाडीचा विमा चालू, पीयूसी चालू, आदल्याच दिवशी सीएनजी भरलेला. कार्यालयात जाऊन समजावून सांगितलं, तर समोरचा माणूस सभ्यपणे म्हणाला, ‘‘तुम्ही गाडीत राहता असं लेखी देऊ नका, अवघड होईल.’’ मग काय लिहून देऊ, तर ‘‘गाडी माझी आहे आणि चालू आहे, एवढंच द्या.’’ मी तसं दिलं आणि काम झालं. पण तिथून बाहेर पडल्यावर मला फार वाईट वाटलं. या शहरात मी कर भरतो, पार्किंगचे पैसे भरतो, लोकांच्या घरात गारवा करून देतो, आणि मी इथे झोपतो एवढंच तेवढं कागदावर यायला नको.

सरकारी मोजणीतसुद्धा आम्ही नीट कुठे बसत नाही. जनगणनेत बेघर कुणाला म्हणायचं त्याची यादी असते: उघड्यावर, पदपथावर, ह्यूम पाइपमध्ये, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर राहणारे. २०११च्या मोजणीत असे १७ लाखांवर लोक देशात निघाले. गाडीचा उल्लेख त्या यादीत मला दिसला नाही. मी स्वतःला बेघर म्हणत नाही, ओतूरला माझं घर आहे, अंगणात गाडी उभी राहते. शहरी बेघरांसाठी निवारा केंद्रं आहेत, एक लाख लोकसंख्येमागे एक असं त्यांचं प्रमाण ठरलं होतं. पण निवाऱ्यात मी झोपलो तर लाखभराची हत्यारं असलेली गाडी बाहेर रस्त्यावर राहील. आणि तिथली जागा माझ्यापेक्षा जास्त गरज असलेल्याला मिळायला हवी.

तेव्हा मागणी घराची नाही. घराचं काय झालं ते वाशीतच दिसतं. बाजार समितीजवळ ट्रक टर्मिनल होतं, बाहेरगावचे ट्रकवाले तिथे थांबायचे. त्या जागेवर सिडकोने घरांचे उंच टॉवर बांधले. ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या योजनेत तिथल्या अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत ७४ लाखांच्या आसपास जाहीर झाली, तेव्हा अर्जदारांनीच दाद मागितली होती. घरं हवीत, माझा विरोध नाही. पण जिथे चालक रात्री पाठ टेकायचे ती मोकळी जागा गेली आणि तेवढी दुसरी कुठे मिळाली नाही. ट्रक सेक्टरांतल्या रस्त्यांवर आले ते उगाच नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटक कॅराव्हॅन घेऊन आला तर त्याच्यासाठी पार्क असावेत, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं, असा त्यात विचार आहे. केंद्राच्या वाहन वर्गवारीतही खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असा वेगळा प्रकार आहे. म्हणजे माणूस गाडीत रात्र काढू शकतो, त्याला नळ आणि संडास लागतो, हे सरकारला मान्य आहे. तेच पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाच्या बाबतीत मान्य करायला काय हरकत आहे? अमेरिकेतल्या सांता बार्बरा शहरात २००४ पासून एक उपक्रम चालतो. चर्च, संस्था आणि सरकारी कार्यालयांचे वाहनतळ रात्री रिकामे असतात, ते गाडीत राहणाऱ्यांना रात्रीपुरते उघडून देतात आणि सकाळी गाडी काढायची. इमारत बांधावी लागत नाही.

नवी मुंबईत तर हे सोपं आहे. मानखुर्द-बेलापूर-पनवेल रेल्वेमार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने केला, आणि स्थानकांसमोर प्रशस्त जागा ठेवल्या. सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बेलापूर, कुठलंही स्थानक घ्या. दिवसा लोकलने मुंबईला जाणाऱ्यांच्या गाड्यांनी भरलेला वाहनतळ रात्री साडेनऊनंतर ओस पडतो. दिवे चालू असतात, रखवालदार असतो, शौचालय जवळच असतं. त्यातला एक कोपरा रात्री दहा ते सकाळी सहा आम्हाला द्या. फुकट नको. पन्नास रुपये, साठ रुपये, जे योग्य असेल ते घ्या. गाडीचा नंबर, परवाना, मोबाइल नंबर लिहून घ्या, जवळच्या पोलीस ठाण्याला यादी पाठवा. आज आम्ही कुठे आहोत हे पोलिसांना माहीत नसतं. तेव्हा रोज रात्री माहीत असेल. इंजिन चालू ठेवायचं नाही, स्टोव्ह पेटवायचा नाही, दारू नाही, मोठ्याने गाणी नाहीत, सहाला जागा रिकामी. जो मोडेल त्याला दुसऱ्या दिवशी प्रवेश नाही. बायका असलेल्या गाड्या रखवालदाराच्या चौकीजवळ आणि उजेडात लावायला द्या. रुग्णालयांजवळच्या एखाद्या वाहनतळावर रुग्णाच्या नातेवाइकांना केसपेपर दाखवून सवलत द्या.

आणि ही जागा सुरू होईपर्यंत एक गोष्ट तर उद्यापासून करता येईल. महामार्ग, बाजार समिती आणि मोठी रुग्णालयं यांच्या जवळची शौचालयं रात्रभर उघडी ठेवा. रात्रपाळीच्या रखवालदाराचा पगार एवढाच खर्च आहे. रात्री काम करणारे वॉचमन, रिक्षावाले, सफाई कामगार, गस्तीवरचे पोलीस या सगळ्यांना त्याचा उपयोग होईल. महिला पोलिसांनी तर ही मागणी माझ्याआधी करायला हवी होती.

सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या वाचकांना काही सांगायचं आहे. अनोळखी गाडी खिडकीखाली उभी राहिली तर भीती वाटणं साहजिक आहे. घरात तरुण मुली असतील तर जास्तच. माझ्याही दोन मुली आहेत. तुम्ही वॉचमनला खाली पाठवा, काच वाजवा, विचारा. झोपायला थांबलेला माणूस खरं सांगतो आणि नको म्हटलं तर निघून जातो. सीवूड्सला एका सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी मला असंच रात्री उठवलं होतं. कोण, कुठला, काय काम, गाडीचा नंबर, सगळं विचारून लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘आज झोपा, उद्यापासून मात्र दुसरीकडे बघा, आमच्याकडे लोक तक्रार करतात.’’ मला त्यात काहीच लागलं नाही. उलट ती रात्र मी निर्धास्त झोपलो, कारण मी तिथे आहे हे कुणाला तरी माहीत होतं. उत्तर पटलं नाही किंवा कुणी दारू पिऊन असेल तर जरूर ११२ला फोन करा. चाकातली हवा सोडणं, काचेवर पाणी ओतणं हे मात्र करू नका. हवा सोडलेल्या गाडीचा मालक सकाळी कामावर पोचत नाही, आणि ते काम कदाचित तुमच्याच घरातलं असतं.

नवीन गाडी नोंदवण्याआधी पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र मागण्याचा प्रस्ताव परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये मांडला होता. तो नियम झाला तर मी ओतूरच्या अंगणाचं प्रमाणपत्र देईन. पण गाडी आठवड्यातल्या पाच रात्री नवी मुंबईत असेल, तेव्हा तिची जागा कुठली, हा प्रश्न राहीलच. प्रस्तावाचा विचार करणाऱ्यांनी तोही लक्षात घ्यावा.

महापालिका, सिडको आणि वाहतूक पोलीस यांनी एकत्र बसून निदान एका स्थानकाचा वाहनतळ या पावसाळ्याआधी प्रायोगिक म्हणून उघडावा. माझ्या मते सुरुवात जुईनगर किंवा सानपाड्यापासून व्हावी, कारण बाजार समिती आणि महामार्ग दोन्ही तिथून जवळ आहेत. वाहनतळाच्या ठेकेदाराला परवडतं का, रात्री किती गाड्या येतात, तक्रारी काय येतात, हे तीन महिन्यांत कळेल. कुणी अधिकारी किंवा नगरसेवक याबद्दल बोलायला तयार असतील तर मी रात्री नऊनंतर कधीही भेटेन, आणि माझ्याबरोबर टॅक्सी आणि टेम्पो चालवणारे आणखी काही जण येतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. माझा मोबाइल नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्याबद्दलचा मजकूर कापा, रात्रीच्या शौचालयांचा ठेवा.

आपला नम्र,
एक एसी-फ्रिज मेकॅनिक, नवी मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)